वन्सं, मीठ वाढलं होतं

वन्सं, मीठ वाढलं होतं. लिंबाची फोड होती, चटणी होती, कोशिंबीर होती, लोणचं होतं. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तुमच्या पानाची डावी बाजू मी रोज भरली. रोज असं लिहिताना एका दिवसापाशी हात अडखळतो. त्या दिवसाचं मागाहून लिहीन. पण बाकी सगळे दिवस मीठ वाढलं होतं, आणि ते वाढलं नाही असंच मनात धरून तुम्ही गेलात. मला इतका राग येतो की धड रडूही येत नाही.

परवा देवासला तुमच्या तेराव्याला बाहेर सगळे तुमच्याविषयी चांगलं चांगलं बोलत होते. मी आत वडे तळत होते. मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुम्हांला माहीत आहे. तुमच्यापुढे तोंड उघडायला मला किती वर्षं लागली, आणि एकदा उघडलं तर तुम्ही म्हणालात, "बघा, हिला वाचा फुटली!" ते परत मिटलं. म्हणून आज धारला परत आल्यावर ही वही घेतली. इथं मधेच बोलायला तुम्ही नाही. तरी काही सुचत नाहीच. तुम्ही मधे बोलत होतात तेव्हा निदान काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला मोरीत भांडी घासताना तरी सुचायचं.

मी तेरा वर्षांची असताना या घरात आले. तुम्ही यांच्या थोरल्या बहीण, लग्नानंतर तीन वर्षांतच सासरहून परत आलेल्या, आणि घर सगळं तुमच्या हातात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला अंगणात बसवलंत आणि पळसाची पत्रावळ पुढे ठेवून खड्यांनी वाढायला शिकवलंत. पांढरा खडा मीठ, पिवळा लिंबू, काळा लोणचं. "डावी बाजू आधी. त्यात मीठ आधी. मीठ नाही ते पान नव्हे, ते कुत्र्याला टाकलेलं." आणि एकदा वाढलेलं पान फिरवायचं नाही, हलवायचं नाही. मी चौथी पास होऊन आले होते, पण शाळेत कोणी मला इतकं नीट शिकवलं नव्हतं.

धारच्या मराठी घरांत लग्नमुंज असली की वाढपाची देखरेख तुमच्याकडे असायची. तुम्ही पंगतीच्या टोकाला उभ्या राहायच्या, एकदा नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पलीकडून पाचव्या पानावर लिंबू राहिलंय." राहिलेलंच असायचं. माझ्या पहिल्या मोठ्या पंगतीत मी गडबडून यांच्या मामांच्या पानावर कोशिंबीर उजवीकडे वाढली. सगळी पंगत बघत होती. तुम्ही धावत आलात, "अगंबाई, माशी पडली!" म्हणालात आणि अख्खं पानच उचलून नेलंत. मामांना दुसरं पान मांडलं. आत आल्यावर माझ्या दंडाला चिमटा काढलात तेवढाच. नंतर कधी कोणाजवळ बोलला नाहीत. त्या चिमट्याची निळी खूण मी आठ दिवस कौतुकानं बघत होते. खरंच कौतुकानं. कारण माहेरी माझी चूक कोणी अशी झाकली नव्हती.

तीच बाई म्हणते की मी तिला मीठ वाढत नाही!

सुरुवात चटणीपासून झाली असं मी धरून चालले होते. संक्रांतीला पाहुणे होते. मी शेजारच्या मांगीबाईकडून शिकलेली तिळाची चटणी केली होती. तुम्ही बोटानं चाटलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "ही चटणी आहे होय? मला वाटलं पानाला काहीतरी सांडलंय." पाहुणे हसले. हेही हसले. मी ते विसरले नाही.

मग रंगपंचमी झाली आणि दोन-चार दिवसांनी दुपारी ताक घुसळताना तुमच्या हातातून रवी सुटली. डोकं दुखतंय म्हणून आडव्या झालात, ओकारी झाली, दोन दिवस उठला नाहीत. वैद्यबुवा आले, पित्त म्हणाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही उठून मला विचारलंत, "ताक झालं की तेवढंच ठेवलंस माझ्यासाठी?" म्हणजे बऱ्या झालात असं आम्ही समजलो.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही पानावर बसलात आणि म्हणालात, "उमे, आज डावी बाजू नाही का?"

मी पाहिलं. सगळं होतं, चटणीसुद्धा. मला वाटलं, टोमणा आहे. माझी चटणी म्हणजे असून नसल्यासारखी, असं तुम्हांला म्हणायचंय. तुम्ही भाजी संपवलीत, आमटी संपवलीत, भाताचा उजवीकडचा अर्धा भाग खाल्लात आणि उठलात. डावीकडे सगळं तसंच. अर्ध्या भातापासून पलीकडे बोट लागलं नव्हतं. मी ते पान उचलताना मनात म्हटलं, ठीक आहे वन्सं, बघू किती दिवस.

किती दिवस? सहा महिने.

दुसऱ्या दिवशी मी चटणी बदलली. मग कोशिंबीर बदलली. काकडीची, मग मुळ्याची. तुम्ही बोटसुद्धा लावलं नाहीत, आणि रोज तेच, "आज पण डावी बाजू नाही." हळूहळू तुमच्या आवाजातला प्रश्न गेला. मग तुम्ही मांगीबाईला सांगितलंत. ती ओट्यावर दुधाचं भांडं घेऊन बसली होती, मी दाराआड.

"कई बई, थारी भाभी लूण भी नी दे?" तिनं विचारलं.

"मीठ कुठलं? लिंबाची चिरीसुद्धा नाही. मीच शिकवलं हिला वाढायला. मीच!"

"राम राम राम."

दाराआड माझे कान तापले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा टोमणा नव्हे. तुम्ही खरंच असं म्हणताय. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय, असं मी ठरवलं. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. कसं येणार, वन्सं? पाचव्या पानावरचं लिंबू पाहणारी बाई.

एकदा मात्र मी धीर केला. तुम्ही बसलात, तेच वाक्य बोललात. मी पुढे होऊन मिठावर बोट ठेवलं. "हे काय मग, वन्सं?"

तुम्ही माझ्या हाताच्या मागोमाग मान वळवलीत. मीठ पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. किळस होती ती. "आत्ता ठेवलंस," तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांदेखत. मी काय आंधळी आहे का गं?"

त्यानंतर मी कधी बोट दाखवलं नाही.

आता एकेक आठवतं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. स्वयंपाकघराच्या चौकटीला तुमचा डावा खांदा रोज आपटायचा आणि तुम्ही चौकटीला शिव्या द्यायच्या, "मेली मधेमधे करते!" मी तोंडाला पदर लावून हसायची. बरं झालं म्हणायची. तुळशीला पाणी घालताना निम्मी कुंडी कोरडी राहायची. चपला घालताना डावी अंगणातच राहून जायची आणि तुम्ही एका पायात चप्पल घालून देवळात निघायच्या. मला सगळं दिसत होतं. मला काहीही दिसत नव्हतं. मी सहा महिने तुमच्या पानातल्या चटणीकडे बघत होते, तुमच्याकडे नाही.

श्रावण संपताना यांनी देवासला धाकट्या भाऊजींना पत्र घातलं, आणि भाद्रपदात तुम्ही तुमची पत्र्याची पेटी घेऊन देवासला गेलात. निघताना मी वाकून नमस्कार केला. तुम्ही आशीर्वाद दिलात, पण कोरडा. "सुखी रहा. मी नाही तर तुला वाढायला एक पान कमी." भाऊजी मोटारीपाशी उभे होते, ते ऐकून खाली बघायला लागले.

देवासची माणसं अजून रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती म्हणतात आणि दुसरीला धाकटी. एकाच गावात दोन राजांची संस्थानं होती, ती जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी. तुम्ही भाऊजींबरोबर टेकडीच्या पायथ्याशी देवीला गेलात. जाताना तुमच्या उजव्या हाताला होती ती दुकानं तुम्ही मोजत गेलात, हलवाई, तांबट, किराणा. येताना तुम्ही मधेच थांबलात.

"नाना, दुसऱ्या रस्त्यानं का आणलंस?"

"तोच रस्ता आहे, आक्का."

"तोच कसा? हलवाई कुठाय? इथं तर सगळे शिंपी."

घरी येऊन भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, "आक्का जाते थोरल्या पातीतून आणि परत येते धाकट्या पातीतून. दोन्ही राजांना मान देते!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. हसली नाही ती फक्त आमची धाकटी जाऊ, शालू. तिनं दुसऱ्या दिवशी जेवताना तुमच्या डावीकडे देवघरातली लहान घंटी वाजवली. तुम्ही उजवीकडे वळून पाहिलंत आणि विचारलंत, कोण आलं?

शालूनं आठ दिवसांत ओळखलं. मी सहा महिन्यांत नाही. हे लिहिताना पेन कागदात रुतलं आहे.

तिनं तुम्हांला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोरी दिली आणि बरोबर मधोमध गाठ मारा म्हणाले. तुम्ही, नऊवारीची घडी न मोजता बरोबर निम्म्यात घालणाऱ्या, दोरीच्या उजव्या टोकाजवळ गाठ मारलीत आणि म्हणालात, "ही घ्या. डॉक्टर होऊन तुम्हांला एवढंही येत नाही?"

हे सगळं शालूच्या पत्रात आलं. यांनी पत्र वाचून दाखवलं, घडी केली, परत उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे तू वाढत होतीस."

मी म्हटलं, "हो."

दिवाळीनंतर आम्ही दोघं इंदूरला मोटार बदलून देवासला आलो. आधी डॉक्टरांकडे गेलो. मी कोपऱ्यात उभी राहणार होते, पण डॉक्टर सांगायला लागले आणि मी कधी पुढे आले मलाच कळलं नाही.

"बाईंचे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "पण नुसते डोळे पाहत नाहीत, डोळ्यांनी आणलेलं डोकं पाहतं. डोक्याच्या उजव्या भागात एका शिरेत रक्त अडलं, तुमच्या त्या पित्ताच्या दिवशी बहुतेक. डाव्या बाजूचं लक्ष तिथून ठेवलं जातं. ते गेलं."

मी परक्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारला. "मग त्यांना तिथं अंधार दिसतो का?"

"अंधार दिसता तर बरं होतं. त्यांनीच सांगितलं असतं, इकडे दिसत नाही म्हणून. तुम्हांला तुमच्या पाठीमागे अंधार दिसतो का?"

"नाही."

"मग काय दिसतं?"

मी विचार केला. काहीच दिसत नाही. काही दिसत नाही असंसुद्धा वाटत नाही. डॉक्टरांनी मान हलवली. "तसंच."

मग त्यांनी कागदावर चार बोटांच्या अंतरानं दोन ठिपके काढले. डावा डोळा झाका, उजव्यानं डावा ठिपका बघा, आणि कागद हळूहळू जवळ आणा. वीतभर अंतरावर आला आणि उजवा ठिपका गेला. वन्सं, गेलाच! मी दचकले, पापणी हलली, तो परत आला. पुन्हा केलं, पुन्हा गेला.

"तिथं भोक दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. कागदच दिसला."

"डोळ्यामागून नस जिथून बाहेर पडते तेवढ्या जागेला दिसत नाही. तुम्हांला, मला, सगळ्यांना, जन्मापासून. डोकं आजूबाजूचा कागद पसरून ती जागा भरून टाकतं आणि आपल्याला सांगतं, सगळं ठीक आहे."

मी तो कागद मागून घेतला. मला वाटलं, हे तुम्हांला दाखवलं की झालं. तुमची चूक नव्हती, माझीही नव्हती, दोघींच्या मधे एक जागा होती जिथं तुमच्या डोक्यानं नुसतं रिकामं पान पसरलं होतं. इतकं सोपं! मी दवाखान्यातून शालूच्या घरापर्यंत जवळजवळ पळत आले. हे मागून "अगं, हळू" म्हणत होते.

पण तुम्ही कागद हातात घेतलात आणि म्हणालात, "एकच तर ठिपका आहे."

डावा तुमच्यासाठी नव्हताच. मी कागद सरकवला, तुमची मान धरून वळवली. तुम्ही माझा हात झटकलात. "खेळ करायला आलीस का माझ्याशी?"

दुसऱ्या दिवशी मी वाढलं. डॉक्टर म्हणाले होते, पटवत बसू नका, सगळं उजवीकडे वाढा. मी म्हटलं होतं की असं वाढत नाहीत. ते म्हणाले, "ताटाला काय कळतंय?" त्यांना काय सांगू? ताटाला कळत नाही, पण तुम्हांला कळतं. तरी वाढलं. मीठ उजवीकडे, लिंबू उजवीकडे. तुम्ही पाहिलंत आणि पानाला हात न लावता उठलात. "चौथी पास ना गं तू? डावंउजवं कळत नाही? असलं उलटंपालटं मेल्यावर वाढ, जिवंत आहे अजून मी."

मग मी ती गोष्ट केली जी तुम्ही मला कधी करू नको म्हणाला होतात. नीट शास्त्राप्रमाणे वाढलं, तुम्ही बसलात, "डावी बाजू नाही" म्हणालात, आणि मी वाढलेलं ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं. मीठ, लिंबू, चटणी, सगळं तुमच्या उजव्या हाताशी आलं. भाजी तुमच्या जगातून गेली.

तुम्ही बघतच राहिलात. मला वाटलं, आता. आता कळेल. शालू पुढे वाकली होती.

"उमे," तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हातचलाखी कुठं शिकलीस? आणि आता माझी भाजीपण काढून घेतलीस?"

शालूला हसू फुटलं. मग तुम्हांलाही. मी मात्र मोरीवर जाऊन उभी राहिले. पुरावा हातात होता, डॉक्टर माझ्या बाजूचे, जग माझ्या बाजूचं, आणि ज्या एका माणसाला पटायला हवं त्याला पटत नाही. तुम्ही शालूचं ऐकायच्या. ती घंटी वाजवून "आक्का, मान वळवा" म्हणाली की वळवायच्या आणि चटणी खायच्या. मी आणलेली चटणी! पण मी म्हटलं तर नाही. कारण शालूनं तुम्हांला कधी उपाशी ठेवलं नव्हतं.

धारला येऊन मी पत्र लिहिलं. कागदाची उभी घडी घातली आणि फक्त उजव्या अर्ध्यावर लिहिलं, म्हणजे सगळी अक्षरं तुम्हांला सापडतील. तुम्ही हट्टानं स्वतः वाचायच्या, बोट ठेवून, हे माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले, शीर, ठिपके, सगळं लिहिलं. शालूचं उत्तर आलं, "आक्कांनी पत्र पूर्ण वाचलं. म्हणाल्या, उमेला एवढाच अरुंद कागद मिळाला का? बाकी काही बोलल्या नाहीत, पण पत्र उशाखाली ठेवलंय."

उशाखाली का ठेवलं होतंत, वन्सं? पटलं म्हणून, की उद्या पुन्हा वाचून भांडायला? मला हे कधी कळणार नाही. मार्गशीर्षात तार आली. दुसरी शीर गेली होती, या वेळी सगळीच.

आता तो दिवस.

मी हे कोणाला सांगितलं नाही. श्रावणातला रविवार होता. मी सकाळी पाट्यावर चटणी वाटायला बसले आणि वाटता वाटता हात थांबला. वाढलं तरी नाही म्हणणार, नाही वाढलं तरी नाही म्हणणार. मग कशाला? मी चटणी वाटली नाही. लिंबू चिरलं नाही. तुमच्या पानावर भाजी, आमटी, भात वाढला आणि डावी बाजू कोरडी ठेवली. मीठसुद्धा नाही. आणि मला बरं वाटलं. खोटं नाही लिहीत, फार बरं वाटलं.

तुम्ही बसलात आणि म्हणालात, "आज पण डावी बाजू नाही."

हे बायकांच्या जेवणाच्या वेळी कधी आत येत नाहीत. त्या दिवशी अडकित्ता शोधत आले. तुमचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं. ते वाकले आणि त्यांनी पाहिलं. पान कोरडं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं, की आजच नाही, बाकी रोज होतं. पण कोणाला खरं वाटलं असतं? त्याच आठवड्यात त्यांनी भाऊजींना पत्र लिहिलं, आणि जो विचारील त्याला सांगितलं, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

पाहिलंच होतं. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. एका दिवसाचं खरं पाहिलं आणि डोक्यानं त्याच्यावरून सहा महिन्यांचं पान पसरलं. तुम्ही गेलात ते माझ्या त्या एका दिवसामुळे. चौकट आणि शीर आणि डॉक्टर हे सगळं खरं, पण पेटी बांधली गेली ती त्या दिवशी.

आणि आता, वन्सं, दुसरंच होऊन बसलंय. शालूचं पत्र आल्यापासून यांना वाटतंय की मी रोजच वाढत होते. म्हणजे त्या रविवारीही. म्हणजे मीठ समोर होतं आणि यांनाच दिसलं नाही. एकाच आईची लेकरं, तेव्हा तुमचं दुखणं त्यांनाही लागलंय. कोणाला बोलले नाहीत, पण मला कळतं. डॉक्टरांचा कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा करून बघतात. कचेरीचा कागद वाचताना डावा समास बोटानं चाचपतात. तेराव्याहून परतताना इंदूरला रस्ता ओलांडायचा होता, तर मला म्हणाले, "तू माझ्या डाव्या बाजूनं चल." एवढ्या वर्षांत हे कधी माझ्या बरोबरीनं चालले नव्हते. मी चालले. सुखसुद्धा वाटलं. इतकी मी वाईट आहे.

आज जेवताना घास घेण्याआधी त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली आणि मीठ आहे का ते पाहिलं. मी हातातली पळी खाली ठेवली. तुम्हांला सांगण्याआधी त्यांना सांगू शकत नव्हते, म्हणून वही घेऊन बसले. आता सांगितलं. जाऊन येते.

सांगून आले. ते ओसरीवर तोच कागद डोळ्यापुढे धरून बसले होते. मी म्हटलं, "अहो, तुमचे डोळे चांगले आहेत. त्या रविवारी मी वाढलंच नव्हतं."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "फक्त त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आक्काला माहीत होतं?"

"त्यांना सगळे दिवस सारखेच होते."

"पत्रात लिहिलंस हे तिला?"

"नाही."

मला वाटलं, आता उठतील, ओरडतील. त्यांनी नुसतं चष्म्याचं भिंग पंच्यानं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाले, "मला दोन-अडीच महिने वाटत होतं की मी चाललो आक्काच्या वाटेनं." मग "चहा टाक" म्हणाले.

चहा दिला. तो त्यांनी प्यायला. कपबशी स्वतः आत आणून ठेवली, जे कधी करत नाहीत, आणि माझ्याकडे न बघता परत गेले. रागवायला तुम्ही हव्या होतात, वन्सं. यांना नीट रागावता येत नाही.